नववा गोटा

१

वीस गोट्यांवर दगडफूल जमिनीच्या चार बोटं वर थांबलं होतं. नवव्या गोट्यावर ते थांबलंच नव्हतं. राखाडी-हिरवे पापुद्रे दगडाच्या अंगावरून खाली उतरत उतरत थेट काळ्या मातीत शिरले होते.

वैजयंतीबाई उकिडव्या बसल्या. पर्समधून स्टीलची सहा इंची पट्टी काढून त्यांनी दगडालगतची माती हलकेच सारली. पट्टी पुरती आत गेली तरी दगडफूल होतंच. ओलसर, कडेने पिवळं पडू लागलेलं, पण अजून जिवंत. त्यांनी वहीत आकडा लिहिला आणि शेजारच्या आठव्या गोट्याकडे गेल्या. तिथे चार बोटं. दहाव्याला चार. पुन्हा नवव्याकडे आल्या आणि बराच वेळ नुसत्याच पाहत राहिल्या. रिसोडच्या कॉलेजात एकतीस वर्षं त्यांनी वनस्पतिशास्त्र शिकवलं होतं आणि बहुतेक सुट्ट्या दगडफुलं मोजण्यात घालवल्या होत्या. घाई केली की आकडा चुकतो, असं त्या मुलांना सांगायच्या आणि स्वतःही पाळायच्या.

"मॅडम, काहीतरी बोला ना," निकिता म्हणाली.

निकिता त्यांची जुनी विद्यार्थिनी, आता पुरातत्त्वाच्या कामावर कंत्राटी सहायक. मालेगावपासून अकरा किलोमीटरवर, पळसगोट्याच्या शिवारात एकवीस काळ्या दगडांचं हे वर्तुळ आहे. गाव त्याला गवळ्यांची बैठक म्हणतं. कोण गवळी आणि ते कधी बसले होते, हे कोणालाच ठाऊक नाही. जाणकार सांगतात, अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीच्या माणसांनी आपल्या मेलेल्यांसाठी अशी वर्तुळं रचली. पेपरात फोटो आल्यापासून रविवारी दूरदूरच्या गाड्या येतात, आणि माणसं गोट्यांना पाठ टेकून फोटो काढतात.

या वर्तुळाला सरकारी संरक्षण मिळावं म्हणून निकिता दोन वर्षं झटत होती. मागच्या खेपेला समितीतले एक साहेब म्हणाले होते, नांगरताना निघालेले दगड शेतकऱ्यांनी गोल मांडलेत, त्यात काय एवढं? त्यांना उत्तर होतं ते नवव्या गोट्यापाशी. त्याच्या सपाट माथ्यावर वाटीएवढे अकरा खळगे होते, माणसाच्या हाताने कोरलेले. समिती ते बघायला उद्या अकरा वाजता येणार होती. आणि आज, शुक्रवारी सकाळी, निकिता झाडलोट करायला आली तर खळगे नव्हते. गोटा जागेवर होता, उंची तीच, घेरही तोच. माथा मात्र सपाट, आणि त्यावर जाड शेंदूर.

"उद्या खळगे दिसले नाहीत तर फाईल बंद," निकिता म्हणाली. "आणि फाईल बंद झाली की ती मागची खदान इथवर यायला सहा महिनेही लागणार नाहीत. मॅडम, कोणीतरी सिमेंट भरलंय बघा. वरून शेंदूर फासलाय."

वैजयंतीबाईंनी पट्टीच्या टोकाने शेंदराचा एक पापुद्रा उचलला. खाली सिमेंट नव्हतं. दगड होता, आणि दगडाला काळ्या मातीचा डाग, त्यात केसासारखे बारीक तंतू चिकटलेले. भिंग लावून त्यांनी ते दोनदा पाहिले.

"गवताची मुळं," त्या म्हणाल्या.

"माथ्यावर? म्हणजे दगडच बदलला?"

"निकिता, दगडफुलाला काय लागतं?"

"ऊन." इतक्या वर्षांनीही उत्तर वर्गातल्यासारखं आलं.

"मग ते मातीखाली वीतभर कसं? आणि मुळांना माती लागते. ती माथ्यावर कशी? तुझे फोटो बावीस ऑगस्टचे. मातीखालचं दगडफूल अजून मेलेलं नाही, म्हणजे गोष्ट काही दिवसांचीच आहे." त्यांनी पट्टी पुसून पर्समध्ये ठेवली. "गोटा बदललेला नाही. तो डोक्यावर उभा केलाय. तुझे अकरा खळगे इथेच आहेत. जमिनीखाली."

२

आता प्रश्न उरला, कोणी केलं. आणि त्याआधी, कसं केलं.

वैजयंतीबाईंनी घेर मोजला, उंची मोजली आणि वहीच्या कोपऱ्यात हिशेब मांडला. दीड टन. एवढा दगड उलटवायला जेसीबी लागेल, असं निकिता म्हणाली. पण मंगळवारी संध्याकाळी जोराचा पाऊस झाला होता. त्या ओल्या काळ्या रानात जेसीबी आला असता तर त्याच्या चाकांच्या खुणा दिवाळीपर्यंत राहिल्या असत्या. तशी एकही खूण नव्हती.

दुसऱ्या खुणा होत्या. गोट्यापासून सारख्या अंतरावर, त्रिकोणात, तीन उथळ खड्डे. तिन्हींच्या कडा अजून धारदार होत्या, पावसाने झिजलेल्या नव्हत्या. म्हणजे हे मंगळवारनंतरचं. दोन खड्डे साध्या गोल तव्यासारखे. तिसऱ्याची कड दातेरी होती, भाकरीला कोणी चमच्याने टोचत जावं तशी.

"काय मॅडम, सापडले काय खळगे?"

धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, जगदेव येत होता. पन्नाशीचा, तळहातावर तंबाखू मळत. ज्या मनकर्णाबाईंच्या वावरात हे वर्तुळ होतं, त्यांचा तो पुतण्या. बाईंना मूलबाळ नव्हतं. जगदेवने आपली टेकडी खदानवाल्याला भाड्याने दिली होती आणि आता खदानवाल्याला काकूचं हे दोन एकरही हवं होतं.

"तुम्ही पाहिले होते ना ते?" वैजयंतीबाईंनी विचारलं.

"लहानपनी पायले असतीन. आता मोबाईलात काय, माणसाले शिंगंही फुटतात. या पोरीनं फोटोत काढून घेतले असतीन."

निकिताचे कान लाल झाले.

"बुधवारी-गुरुवारी तुम्ही शेतात होतात?"

"गुरुवारी बजारात. बुधवारी अठीच मरून राह्यलो होतो. काकूची बोर सकायपासून सांजलोक चालू. सारं पानी धुरा फोडून उताराखाली माह्या सोयाबीनीत, जठून बैठक दिसतही नाही. काढनीले आलेलं पीक हो! हाका मारू मारू गळा बसला, म्हातारी काही आली नाही. चर काढता काढता कंबर गेली माही."

"बाहेरचं कोणी आलं होतं?"

"भायेरचं कोनी दिसलं नाही." जगदेवने चिमूट ओठात धरली. "मले इचारान तं देवानंच फिरवलं तोंड. दोन वर्सं झाले, काकू ना मले हो म्हने, ना या पोरीले. देवालेही कटाया आला असन."

तो बोलत असताना वैजयंतीबाईंचं लक्ष गोट्याच्या बुडाशी गेलं. दगड आणि माती यांच्या सांध्यात सुती कापडाची चिंधी, नखाएवढी, बाहेर डोकावत होती. त्यांनी चिमट्याने तिचा एक धागा ओढला. मातीने माखलेला तो धागा त्यांनी पाण्याच्या बाटलीतल्या थेंबांनी धुतला. धागा पिवळा होता.

त्या उठून उभ्या राहिल्या. "जगदेवराव, थोडा चुना द्याल का?"

जगदेवचा मळता हात थांबला. "तुमी तंबाखू खाता, मॅडम?"

"नाही," वैजयंतीबाई म्हणाल्या, आणि त्याच्या डबीतला गहूभर चुना त्यांनी कागदाच्या पुडीत बांधून घेतला.

३

मनकर्णाबाईंचं घर गावाच्या शेवटी होतं. ओसरीवर पोती, नव्या झाडूंची जुडी आणि भिंतीशी एक दगडी उखळ, पालथं घातलेलं. बाई सत्तरीच्या पुढच्या, कोऱ्या कपाळाच्या, पाठीत ताठ. पदराच्या गाठीला नव्हे, तर कमरेला करगोट्यात किल्ल्या अडकवलेल्या. निकिताला पाहून त्यांनी आत हाक देऊन चहा टाकायला सांगितलं.

"बसा बाई. आमच्या पोरीच्या मास्तरीन ना तुमी? लय नाव घेते तुमचं. म्हने, दगडावरची बुरशी पाहून वय सांगतात."

"बुरशी आणि शेवाळ दोन्ही असतं त्यात. एकत्र नांदतात," वैजयंतीबाई म्हणाल्या.

"नांदतात? मंग आमच्या भाऊबंदाइपक्षा बरे."

निकिता हसली. बसायला काही तरी हवं म्हणून तिने भिंतीकडचं उखळ आडवं केलं. त्याखालच्या धुळीत एक हळकुंड पडलेलं होतं, वाळून लाकडासारखं झालेलं.

"सरळ कर ते, पोरी. नाही तं होतं तसं ठेव," मनकर्णाबाई म्हणाल्या. "अन् हळकुंड आत राहू दे."

"असं का हो आजी?"

"रिकामं उखय पालथं घालत नाही आमच्यात. त्याच्या पोटात काही तं असाव. नाही तं घर उपाशी राह्यते म्हनतात." त्यांनी हात झटकला. "जुन्या बायाइचं. तुमाले हसू येईन."

वैजयंतीबाईंना हसू आलं नाही. त्यांनी विचारलं, "बैठकीतल्या नवव्या गोट्यावर लग्नाची हळद फोडतात ना गावात?"

"साऱ्या गावाची. कोन्याही जातीची पोरगी असो. पाच सवाशिनी जातात, खयग्यात पयली हळद फोडतात, मंग घरची. माहीही तठीच फुटली होती, सासरची मानाची हळद." बाईंनी चहाचा कप उचलला, पण प्यायल्या नाहीत. "माहा मालक गेला त्याले एकतीस वर्सं झाले. तवापासून मी धुऱ्यावरूनच पाह्यतो."

"आजी, खळगे नाहीत आता," निकिता म्हणाली. "उद्या साहेब येऊन रिकाम्या हाताने परत जातील."

"आयकलं."

"बुधवारी तुम्ही शेतात गेला होतात?" वैजयंतीबाईंनी विचारलं.

"बुधवारी? घरीच होतो. गुडघे धरले होते."

"आणि संमतीच्या कागदाचं? निकिता म्हणते, तुम्ही अजून सही दिलेली नाही."

"इचार करून सांगतो," मनकर्णाबाई म्हणाल्या.

दोन वर्षांत हे वाक्य निकिताने इतक्या वेळा ऐकलं होतं की तिने मान खाली घातली. वैजयंतीबाईंनी मात्र बाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं. फाईल बंद पडेल हे ऐकून तिथे ना आनंद होता ना आश्चर्य. बाई भिंतीकडच्या उखळाकडे पाहत होत्या.

रस्त्याला लागल्यावर निकिता न राहवून म्हणाली, "जगदेवच आहे मॅडम. फायदा त्याचाच."

"जगदेवला गोटा नको असता, तर तो फुटला असता. खदानीत सुरुंग काय कमी आहेत? ज्याने हे केलं, त्याने दीड टन दगड उचलून पुन्हा जपून खाली ठेवलाय." त्यांनी स्कूटीपाशी थांबून हेल्मेटचा पट्टा लावला. "या भागात बोअरच्या मोटारी कोण काढतं?"

४

मालेगावात बस स्टँडच्या मागे रहीम मिस्त्रींचं दुकान. जळक्या वार्निशाचा वास, तांब्याच्या तारेची वेटोळी, आणि दारात उभी करून ठेवलेली लोखंडी तिपाई. तिच्यावर चेन-कप्पी टांगून तीनशे फुटांखालची मोटर दोन माणसं वर ओढतात. वैजयंतीबाई दुकानात शिरण्याआधी तिपाईपाशी थांबल्या. तीन पायांना रुतू नयेत म्हणून लोखंडी तळ जोडलेले. दोन तळ गोल. तिसरा तुटला असावा. त्याच्या जागी कुठल्याशा ट्रकचं जुनं गिअरचं चाक जोडलेलं होतं. दातेरी. दातांत काळी माती वाळली होती.

निकितानेही ते पाहिलं. ती काही बोलणार, तोच त्यांनी तिच्या मनगटावर हात ठेवला.

"या बाई, बसा," रहीम म्हणाला. साठीचा, दाढी मेंदीने रंगलेली. आत त्याची बायको लतीफा कॉइल गुंडाळत होती. "मोटर जयली काय?"

"नाही. बुधवारी तुम्ही पळसगोट्याला होतात का, हे विचारायला आले."

रहीमने पाना खाली ठेवला. "होतो ना. मी अन् माहा भाऊ तौकीर. मनकर्णाकाकूची मोटर काढाले."

"काय झालं होतं मोटरला?"

"वाइंडिंग गेली होती. सकायी काढली, दिवसभर भायेर होती, सांजी सोडली."

"दिवसभर बाहेर होती?"

"हो. दिवसभर."

वैजयंतीबाईंनी वही उघडली. मागच्या पानावर लिहिलेलं त्यांनी वाचून दाखवलं, जसंच्या तसं. "बुधवारी काकूची बोर सकाळपासून सांजेपर्यंत चालू. सगळं पाणी जगदेवच्या सोयाबीनमध्ये." मग वही मिटली. "मोटर बाहेर होती, तर पाणी कुठून आलं, मिस्त्री?"

दुकानात कॉइल गुंडाळण्याचा आवाज थांबला.

"घ्या," लतीफा म्हणाली. "मी म्हनलं होतं, तुमाले झूठ जमत नाही. चाळीस सालात मलेच एक धड नाही सांगता आली."

"तू गप बस."

"मी गपच हाय. मोटरच बोलून राह्यली."

रहीमने तिपाईकडे पाहिलं. मग म्हणाला, "बाई, मी जबान देल्ली हाय. नाव नाही सांगनार. माह्या दोन पोरीइचं निकाह झालं तवा त्या घरून ज्वारीचं पोतं आलं होतं, न मांगता. एवढंच सांगतो. त्या गोट्याले खरोंच नाही आली. खाली वाकया अंथरल्या होत्या. पलटवाले आमाले घंटाभर लागला असता, लागले चार. काहून का, वर फडकं बांधाचं होतं, आतलं सांडू नाही म्हनून."

"आतलं काय?"

"आमाले पाहू नाही देल्लं. आमी पाठ करून उभे होतो."

स्कूटीवर बसल्यावर निकिता म्हणाली, "म्हणजे नाव कळलंच नाही."

"कळलं," वैजयंतीबाई म्हणाल्या. "चल, पुन्हा ओसरीवर. ऊन उतरायच्या आत पोचू."

५

मनकर्णाबाई तांदूळ निवडत होत्या. वैजयंतीबाई त्यांच्यासमोर जमिनीवरच बसल्या. वहीच्या पानांतून त्यांनी तो पिवळा धागा काढला, पांढऱ्या कागदावर ठेवला, पुडीतला चुना पाण्यात कालवून धाग्याच्या टोकाला लावला. टोक लाल झालं. कुंकवासारखं.

तिघीही त्याच्याकडे पाहत होत्या. हे काय, असं विचारायची कोणालाच गरज नव्हती. हळद आणि चुना मिळून काय होतं, हे मराठी घरात शिकवावं लागत नाही.

"पिवळ्या कापडाचा रंग असा लाल होत नाही," वैजयंतीबाई हलक्या आवाजात म्हणाल्या. "ही हळद आहे. आता पितृपक्ष चालू आहे, गावात लग्न नाही. मग गोट्याखाली ओली हळद कशाला? मला सकाळी कळलं नव्हतं. तुमच्या उखळाखाली पाहिलं तेव्हा कळलं. ज्याला ते खळगे नकोसे होते, त्याने गोटा नुसता उलटवला असता. ज्याच्या लेखी ते उखळ आहे, त्याला तो रिकामा पालथा घालवला नाही. मुद्दाम लपवताना हीच एक खूण मागे राहून गेली. शेंदूर माती आणि मुळं झाकायला होता. हळद कशालाच नव्हती. ती नुसती सवयीने आली. आणि तुमची बोर दिवसभर चालू राहिली, कारण बटण बंद करणारं माणूस घरी गुडघे धरून बसलेलं नव्हतं."

तांदळाचं सूप मनकर्णाबाईंनी बाजूला ठेवलं.

"बटनाचं ध्यानातच नाही राह्यलं," त्या म्हणाल्या. "जगदेव हाका मारत होता, आयकू येत होतं. पन हात भरले होते हळदीनं."

"आजी, तुम्ही?" निकिताचा आवाज चिरकला. "माझं दोन वर्षांचं काम होतं हो ते. लोक मला खोटारडी म्हणाले असते. म्हणालेच."

"मालूम हाय पोरी. तुह्यासाठीच झोप नाही लागली." बाईंनी दोन्ही हात मांडीवर ठेवले. "माह्या माहेरी, मंगरूयपीरच्या अंगाले, असाच एक गोटा होता. त्याले तार लागली, कुलूप लागलं. पयल्या वर्सी किल्लीवाला येऊन उघडे. मंग तो बदलला. मंग किल्ली कुठी गेली कोनाले मालूम. माह्या भाचीची हळद आमी तारेच्या भायेरून फेकली, भिकाऱ्याले चिल्लर फेकावं तशी. तवा ठरवलं, अठी तार नाही लागू देनार."

"आणि खदान?"

"जगदेवाले हो म्हनलं तं सुरुंग. म्हनून त्यालेही म्हनलं, इचार करून सांगतो. मंग वाटलं, गोट्याले पोटावर झोपू द्याव. तुमाले खयगे दिसनार नाही, तुमी जासान. जगदेवाले मी जमीन देत नाही मरेलोक. झालं."

"मरेपर्यंत," वैजयंतीबाई म्हणाल्या. "आणि मग ही जमीन कोणाची?"

बाईंनी रस्त्याकडे पाहिलं. जगदेवचा ट्रॅक्टर तिथून गेला. त्याच्या टेकडीवरून दगड भरून आलेल्या टिपरची धूळ समोरच्या कडुनिंबावर बसलेली दिसत होती.

"मी उद्या खोटं बोलणार नाही," वैजयंतीबाई म्हणाल्या. "साहेबांनी विचारलं, तर गोटा पालथा आहे हे सांगेन. कोणी केला हे मात्र मला विचारायचं त्यांना कारण नाही, आणि मी सांगणार नाही. बाकी तुमचं."

निकिताने डोळे पुसले. "आजी, संमतीपत्रात अट लिहिता येते. चालत आलेला विधी चालू राहील, किल्ली गावात राहील, असं. मंजूर होईलच असं मी छातीवर हात ठेवून नाही सांगत. पण लिहून दिलं तर निदान कागदावर राहील. तुमच्या माहेरी कोणी लिहूनच घेतलं नव्हतं."

"इचार करून..." मनकर्णाबाई म्हणाल्या आणि अर्ध्यावरच थांबल्या. कमरेच्या किल्ल्या त्यांनी एकदा चाचपल्या.

"रहीमले फोन लाव," त्या म्हणाल्या. "म्हन, सकायी तिपाई आन."

कागदाचं विचारायचं धाडस निकिताला झालं नाही.

६

सकाळी आठला रहीम आणि तौकीरने तिपाई उभी केली, दातेरी पाय त्याच खुणेत. साखळी ताठ झाली, मातीने चुळबूळ केली, आणि गोटा इंचाइंचाने वर आला. धुऱ्यावर गावातल्या बाया जमल्या होत्या. त्यांच्यात मनकर्णाबाईही होत्या, नेहमीच्या जागी.

दहाच्या सुमारास गोटा सरळ झाला. त्याच्या माथ्यावर पांढऱ्या लुगड्याचं फडकं सुतळीने घट्ट बांधलेलं होतं, मातीने आणि हळदीने डागाळलेलं. सुतळी सोडायला रहीम वाकला आणि थांबला. त्याने धुऱ्याकडे पाहिलं.

मनकर्णाबाई उतरून आल्या. एकतीस वर्षांत त्या दुसऱ्यांदा या गोट्यापाशी आल्या होत्या, आणि या वेळी सगळ्यांदेखत. "रांडव बाईच्या हातची हळद चालते का नाही, त्या दिवशी कोनाले इचारत नाही बसलो," त्या वैजयंतीबाईंना म्हणाल्या. "आजही नाही इचारत." त्यांनी गाठ सोडली.

अकरा खळगे. प्रत्येकात ओल्या हळदीचा लेप, आणि लेपात रुतलेलं एकेक हळकुंड. धुऱ्यावरच्या बाया पुढे सरकल्या.

वैजयंतीबाईंनी सवयीने दगडफुलाकडे पाहिलं. मातीखाली गेलेली कड पिवळी पडली होती. पण ऊन लागलं तर पावसाळा संपेपर्यंत बहुतेक सावरेल, असा त्यांनी मनाशी अंदाज केला.

अकरा वाजून दहा मिनिटांनी समितीची गाडी आली. मागच्या खेपेचे साहेब होतेच. त्यांनी चष्मा वर केला, वाकले, एका खळग्यात बोट फिरवलं, दुसऱ्यात फिरवलं. हे हातानेच कोरलंय, असं ते आपल्या सहकाऱ्याला म्हणाले, मग पुन्हा एकदा, स्वतःलाच सांगितल्यासारखं. एक हळकुंड त्यांनी कुतूहलाने उचललं.

"ते ठेव बाप्पा जाग्यावर," मनकर्णाबाई म्हणाल्या.

साहेबांनी ते निमूटपणे ठेवलं. "गोट्याभोवतीची माती ताजी दिसते."

"तीन दिवस पालथा होता," वैजयंतीबाई म्हणाल्या. "आज सरळ केला. ओरखडा नाही, मी भिंगाने तपासलंय."

साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग मातीकडे, मग धुऱ्यावरच्या बायांकडे, आणि पुढचा प्रश्न गिळला. "आमच्या बाजूने हरकत नाही," ते निकिताला म्हणाले. "पण जमीन खाजगी आहे. मालकाची संमती कुठे आहे?"

निकिताच्या हातात कागद होता. अट तिने रात्री टाइप केली होती. तिने तो पुढे केला नाही, नुसता धरून राहिली.

जगदेव चिमूट मळत उभा होता. "सांग ना काकू," तो म्हणाला. "नाही तं म्हन, इचार करून सांगतो. साहेब दोन वर्सानं पुन्हा येतीन."

धुऱ्यावर कोणी तरी फिसकन हसलं. मनकर्णाबाईंनी हळदीचे हात पदराला पुसले. टेकडीवर खदानीचं यंत्र चालू होतं, त्याची घरघर इथवर येत होती. त्या गोट्यापासून दूर झाल्या नाहीत.

"इचार झाला," त्या म्हणाल्या. "पोरी, कागद आन. जगदेव, तूही आयक, साऱ्याइनं आयका. हे वावर मी बैठकीले देतो. तार लावा, कुलूप लावा, पाटी लावा. पन किल्ली बायाइच्या कमरेले राहीन. पयले माह्या, मंग त्याइच्या."